“बर्मात युद्ध, तूर धरून ठेवा”: बाजारभावाच्या मेसेज सेवेचा माझा सव्वा वर्षाचा अनुभव

कारंजा आणि मूर्तिजापूरच्या मधल्या पट्ट्यात आमची पाच एकर कोरडवाहू आहे. सोयाबीनमध्ये तूर घेतो, चार तास (ओळी) सोयाबीन आणि एक तास तूर. ह्यांचे गुडघे गेल्यापासून माल विकायचं काम माझ्याकडे आलं. हर्रासात (लिलावात) उभं राहायचं, अडत्याशी बोलायचं, आज विकायचं की आठवडाभर थांबायचं ते ठरवायचं. त्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, मी मोबाइलवर बाजारभाव आणि सल्ला पाठवणारी एक सेवा घेतली. वर्षाचे १,२०० रुपये भरले. आता जानेवारी २०२६ चालू आहे. मधल्या काळात त्यांच्या प्रत्येक महत्त्वाच्या मेसेजची मी वही ठेवली. एका बाजूला तारीख आणि मेसेज, दुसऱ्या बाजूला पुढे खरंच काय झालं ते. त्या वहीवरून हे लिहिते आहे.

सेवेचं नाव लिहीत नाही. माझ्या बहिणीकडे दुसरीच सेवा आहे, तिचेही मेसेज मी ताडून पाहिले. ज्या गोष्टीबद्दल मला बोलायचं आहे, ती दोन्हीकडे सारखीच निघाली.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं आहेच. सकाळी पावणेसातच्या आत मेसेज येतो. अकोला, वाशीम, कारंजा, अमरावती, हिंगणघाट, लातूर अशा बाजारांचे आदल्या दिवशीचे कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण भाव त्यात असतात. मी बाजार समितीच्या फलकाशी पंधरा-वीस वेळा जुळवून पाहिले, एकदाही चुकले नाहीत. ओलावा किती असला की किती कपात होते, चाळणी करून नेलेल्या मालाला किती फरक पडतो, हे त्यांनी नीट समजावलं. त्यामुळे मापाऱ्यासमोर मी पहिल्यांदा हिशेबाने बोलले. पावसाचा अंदाज बरा असतो. डिसेंबरात धुई (धुकं) पडणार आणि तुरीची फुलगळ होणार, हे त्यांनी तीन दिवस आधी सांगितलं होतं. एवढ्यासाठी १,२०० रुपये मला जड वाटले नाहीत.

अडचण संध्याकाळच्या मेसेजची आहे. तो आवाजाचा असतो, दीड-दोन मिनिटांचा, ‘तेजी-मंदी’ नावाचा. एक तरुण मुलगा बोलतो, आवाज चांगला, बोलणं ठाम. “नमस्कार शेतकरी बांधवांनो” म्हणून सुरू करतो आणि जगभरच्या बातम्यांवरून आपल्या तुरीचं काय होणार ते सांगतो. या जगभरात सगळ्यात जास्त वेळा येतो तो बर्मा. पाटीवर आणि पेपरात म्यानमार लिहितात, पण बाजारात अजूनही बर्माच म्हणतात. तिकडून येणाऱ्या तुरीला व्यापारी लेमन तूर म्हणतात. ती यांगूनच्या बंदरातून चेन्नईला उतरते आणि तिथून अकोल्याच्या दालमिलांपर्यंत येते. माझा दीर एका दालमिलमध्ये हमाली करतो. त्याने एकदा रुमालात बांधून मूठभर आणून दाखवली होती. दाणा आमच्या मारुती वाणापेक्षा बारीक, पण एकसारखा, खड्याकचऱ्याचं नाव नाही. सासूबाईंनी दोन दाणे दाताखाली फोडून पाहिले आणि म्हणाल्या, “तूरच हाय वं, आपल्यासारखीच.”

तर २१ डिसेंबर २०२४ ची नोंद माझ्या वहीत अशी आहे: “बर्मात बंडखोरांनी लष्कराचं मोठं मुख्यालय जिंकलं. तुरीची आवक ठप्प होणार. तेजीचे स्पष्ट संकेत. घाईने विकू नका.” आमची तूर तेव्हा शेतात उभी होती. जानेवारीत काढली, चौदा क्विंटल झाली. चार क्विंटल ७,२५० ने विकले, कारण मजुरी आणि ट्रॅक्टरचे पैसे द्यायचे होते. दहा क्विंटल घरात ठेवले. हमीभाव तेव्हा ७,५५० होता, केंद्रावर नोंदणी करून ठेवली होती.

२० जानेवारीला मेसेज आला: “चीनच्या मध्यस्थीने बर्मात युद्धविराम. तात्पुरती मंदी. पण हे युद्धविराम टिकत नाहीत, त्यामुळे धरून ठेवा.” मग २९ मार्चला, म्हणजे मंडाले आणि सागाईंगला ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, आलेला मेसेज मी शब्दाशब्दाने उतरवून घेतला आहे: “बर्मात मोठा भूकंप, तूर पट्ट्यालाच फटका, तेजीची मोठी संधी, आता आठ हजार नक्की.”

तो मेसेज मी ओसरीत मोठ्या आवाजात लावला होता. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला. “तिकडे लोकं मेले म्हून आपल्या तुरीले भाव येईन, असं म्हणते काय वं तो?” मी काही बोलले नाही. मला तेव्हा दहा क्विंटलचे ऐंशी हजार दिसत होते, हे खरं आहे. एप्रिलमध्ये हमीभाव केंद्रावर माझा नंबर लागला. मी माल नेला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. भाव आठ हजार झाला नाही. मे महिन्यात घसरला, जूनमध्ये आणखी घसरला. पावसाळ्यात कट्टे उघडले तर भुंगा लागलेला. कडुनिंबाचा पाला घातला होता, तरी तळच्या तीन कट्ट्यांत पिठासारखा भुसा साचला होता आणि दाण्यांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली होती. ऊन देऊन, पाखडून, चाळून ऑगस्टमध्ये पोळ्याआधी विकली. दहा क्विंटलची नऊ क्विंटल चौऱ्याहत्तर किलो भरली. भाव मिळाला ६,३५०. हमीभावाने ७५,५०० झाले असते, हातात आले ६१,८४९. साडेतेरा हजारांच्या वर गेले. धाकट्याची शिकवणी त्यात वर्षभर झाली असती.

मी त्यांच्या क्रमांकावर फोन केला. दुसरा एक मुलगा बोलला, नम्रपणे. “काकू, आम्ही बातमी देतो, निर्णय तुमचा असतो.” बरोबर आहे. निर्णय माझाच होता. पण बातमी पूर्ण होती का, हे मला पाहायचं होतं. तेव्हापासून धाकट्याचा नकाशासंग्रह माझ्या वहीशेजारी असतो, आणि गावातल्या वाचनालयात आलेल्या पेपरांतून आणि फोनवर मिळेल तिथून बर्माबद्दल जे छापून येतं ते मी वाचते.

पहिल्याच दिवशी डोळे उघडले. डिसेंबरात पडलेलं ते लष्करी मुख्यालय होतं आन गावचं, राखाइन प्रांतात, बंगालच्या उपसागराच्या बाजूला. ते जिंकलं अराकान आर्मीने. तूर पिकते सागाईंग, मॅग्वे आणि मंडालेच्या कोरड्या पट्ट्यात, पार मधोमध. दोघांच्या मध्ये अराकानचे डोंगर आहेत. तिथली तूर दक्षिणेला यांगूनकडे जाते, राखाइनकडे नाही. जानेवारीतला युद्धविराम तर आणखी लांबचा, चीनच्या सीमेवर शान प्रांताच्या उत्तरेचा. म्हणजे मला दिलेल्या दोन्ही बातम्या खऱ्या होत्या, पण माझ्या तुरीच्या वाटेवरच्या नव्हत्या. अकोल्याला हर्रास बंद पडला म्हणून चंद्रपूरचा धानवाला माल धरून बसला, तसं झालं.

आणि ज्या वाटेवर खरोखर रक्त सांडत होतं, त्या सागाईंगचं नाव सव्वा वर्षात भूकंप सोडला तर एकदाही आलं नाही.

हे युद्धविराम कोणते, कोणाचे, हे सेवेने कधीच नीट सांगितलं नाही. म्हणून मीच सांगते, कारण कोणी तूर पिकवत असेल आणि अशा मेसेजवर चालत असेल, तर त्याला हे माहीत असायला हवं.

१ फेब्रुवारी २०२१ ला तिकडे लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं. लोक आधी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, मग गावोगावच्या पोरांनी हत्यारं घेतली. सीमेवरच्या वेगवेगळ्या जमातींच्या सेना आधीपासूनच होत्या. त्यातल्या तिघींनी, कोकांगची सेना, तआंगची सेना आणि अराकान आर्मी यांनी, मिळून २७ ऑक्टोबर २०२३ ला शान प्रांतात मोठा हल्ला केला. तारखेवरूनच त्याला १०२७ म्हणतात. चीनला हे आधी कळलं नसेल असं फारसं कोणी मानत नाही. कोकांग भागात चीनच्या सीमेला लागून ऑनलाइन फसवणुकीचे मोठे अड्डे होते, चिनी लोकच त्यात लुबाडले जात होते आणि लष्कर ते बंद करत नव्हतं. चीनने त्या वेळी कोणाला अडवलं नाही. अड्डे उठले, शेकडो चौक्या पडल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये चीनच्याच कुनमिंग शहरात बसून युद्धविराम झाला.

पाच महिनेच टिकला. जूनच्या शेवटी पुन्हा लढाई पेटली. जुलैत तआंगवाल्यांनी माणकांची खाण असलेलं मोगोक घेतलं, ऑगस्टच्या सुरुवातीला कोकांगवाल्यांनी लाशियो घेतलं. लाशियोत लष्कराचं ईशान्येचं मुख्यालय होतं. असं अख्खं विभागीय मुख्यालय हातचं जाण्याची लष्कराची ती पहिलीच वेळ.

इथे चीन फिरला. आमच्या गावात धुऱ्याचं (बांधाचं) भांडण मिटवायला कोणी मधे पडला, तर जुनी माणसं आधी एकच गोष्ट पाहतात: मिटवणाऱ्याची जमीन कुठे लागून आहे. चीनची जमीन सगळीकडूनच लागून आहे. राखाइनच्या चाउफ्यू बंदरापासून त्याच्या तेलाच्या आणि गॅसच्या नळवाहिन्या निघतात, त्या मंडालेवरून, लाशियोच्या बाजूने चीनच्या युनान प्रांतात जातात. लष्कर कोसळलं तर त्या कोणाच्या भरवशावर? मग त्याने सीमेवरची दारं बंद केली, ज्यांना काल अडवलं नव्हतं त्यांचाच माल आणि वीज तोडली. कोकांगवाल्यांनी जानेवारी २०२५ मध्ये सही केली आणि एप्रिलमध्ये चीनच्या निरीक्षकांसमोर लाशियो लष्कराला परत दिलं. जिंकलेलं शहर परत! तआंगवाले थोडे जास्त थांबले. त्यांच्याकडून लष्कराने जुलै ते ऑक्टोबर २०२५ मध्ये एकेक करून नाउंगच्यो, चाउकमे, थिबाव घेतलं आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनीही कुनमिंगला सही करून मोगोक सोडायचं मान्य केलं. तिघींपैकी तिसरी, अराकान आर्मी, अजून लढते आहे. राखाइनच्या १७ तालुक्यांपैकी १४ तिच्याकडे आहेत. सित्वे, चाउफ्यू आणि मानाउंग एवढे तीन लष्कराकडे उरलेत.

सित्वे आपल्या कामाचं आहे. कोलकात्याहून जहाजाने सित्वे, तिथून कलादान नदीने पालेत्वा आणि पुढे रस्त्याने मिझोराम, असा मार्ग भारताने आखला. बंदर भारताने बांधलं, मे २०२३ मध्ये पहिलं जहाज लागलं. जानेवारी २०२४ मध्ये पालेत्वा अराकान आर्मीने घेतलं. म्हणजे बंदर एकाकडे, नदीवरचं गाव दुसऱ्याकडे. आता भारतालाही दोघांशी बोलणं भाग आहे. भूकंपानंतर भारताने ऑपरेशन ब्रह्मा म्हणून मदत पाठवली, डॉक्टर पाठवले, आणि त्याच आठवड्यात बँकॉकला आपल्या पंतप्रधानांची लष्करप्रमुख मिन आंग लाइंग यांच्याशी भेट झाली. ऑगस्टअखेर चीनमध्ये तियानजिनला पुन्हा झाली. मदत पोचली याचं मला बरं वाटलं. भेटीबद्दल मी एवढंच म्हणेन की सागाईंगच्या एखाद्या बाईला तो फोटो पाहून काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून गेला नाही.

त्याला कारण आहे. भूकंपात साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर २ एप्रिलला लष्कराने युद्धविराम जाहीर केला, मदतकार्यासाठी, आणि पुढे मुदत वाढवली. आमच्या सेवेनेही तो सांगितला: “बर्मात शस्त्रसंधी, वाहतूक सुरू होणार.” तो युद्धविराम कागदावर चालू असतानाच १२ मे ला सागाईंगमधल्या दिपेयिन तालुक्यात एका गावच्या शाळेवर विमानातून बॉम्ब पडला. शाळा भरलेली होती. वीसच्या आसपास जीव गेले, त्यात बहुतेक मुलं. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये त्याच प्रांतात पाझिजी नावाच्या गावात लोक एका कार्यक्रमाला जमले असताना असाच हल्ला झाला होता, शंभराहून जास्त माणसं मेली होती.

१३ मे चा ‘तेजी-मंदी’ मी मुद्दाम पुन्हा ऐकला. त्यात चेन्नईला लेमन तुरीचा भाव होता, डॉलरचा भाव होता. दिपेयिन नव्हतं. मला म्हणायचं आहे ते हे: ज्या दिवशी त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या पोराच्या शाळेवर बॉम्ब पडला, त्या दिवशी सेवेच्या हिशेबात युद्धविराम चालू होता. आणि जिथे आन पडलं, जिथून तुरीचा दाणा निघत नाही, तिथलं युद्ध मोजून मला ‘धरून ठेवा’ सांगितलं गेलं. माणुसकी बाजूला ठेवली तरी ही बातमी चुकीची मोजली गेली. आणि माणुसकी बाजूला ठेवायला मी तयार नाही.

तिकडे तुरीला पेसिंगोन म्हणतात. ‘पे’ म्हणजे शेंगवर्गातलं धान्य, उडदाला मात्पे. ते लोक स्वतः तूर फारशी खात नाहीत, उडीदही नाही. पिकवतात ते आपल्यासाठी. आपण वरण खातो, इडली-वडे खातो, म्हणून त्यांचं घर चालतं. मे २०२१ मध्ये, तिकडे सत्तापालट झाल्यावर चार महिन्यांच्या आत, आपल्या सरकारने तूर-उडदाची आयात मोकळी केली आणि पुढे बर्मातून वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घ्यायचा पाच वर्षांचा करार झाला. त्याची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. आफ्रिकेतल्या मोझांबिकशी आणि मलावीशीही तसेच करार झाले.

हे वाचताना मला २०१७ आठवलं. इथल्या कोणत्याही तूरवाल्याला आठवेल. त्या वर्षी तूर एवढी पिकली की ठेवायला जागा नव्हती. हमीभाव बोनस धरून ५,०५० होता आणि खासगीत चार हजारसुद्धा मिळेना. केंद्राबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली, बारदाना संपला. ह्यांनी अकरा रात्री ट्रॉलीखाली काढल्या. मी डबा पाठवायचे, येताना डबा तसाच परत यायचा, कारण मेहनतीचा माल उघड्यावर पाहून त्यांना घास जात नव्हता. लोकांनी ओरड केली, आणि ऑगस्टमध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. आम्हाला वाटलं, बरं झालं, उशिरा का होईना.

त्याच निर्णयाने बर्मात तुरीचा भाव कोसळला, हे मला आठ वर्षांनी वाचायला मिळालं. त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. म्हणजे ह्यांच्या ट्रॉलीखालच्या रात्री संपल्या तेव्हा मॅग्वेच्या कोणा घरात तशाच रात्री सुरू झाल्या असणार. त्याच घरातली पोरं चार वर्षांनी हत्यार घेऊन जंगलात गेली का, हे मला सांगता येणार नाही. पण भाव पडल्यावर घरातलं पोरगं कसं बसतं, ते मी पाहिलेलं आहे.

सासूबाईंना मी हे सगळं सांगते. त्या ऐकतात. एकदा विचारलं, “त्यायच्याकडं बी बायाच निंदते काय?” मी फोनवर एक फोटो शोधून दाखवला. डोक्यावर रुंद बांबूची टोपी, गालाला पांढरा लेप लावलेल्या बाया वाकून काम करताहेत. त्या बराच वेळ बघत बसल्या.

आता मूळ प्रश्नावर येते. २०२५ मध्ये भाव खरा कशाने पडला? युद्धाने वाढला नाही आणि युद्धविरामाने पडला नाही. जानेवारी २०२५ मध्येच केंद्र सरकारने तुरीची बिनशुल्क आयात ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवली. २०२४-२५ मध्ये देशात १२ लाख टनांवर तूर बाहेरून आली, आणि त्यातली मोठी रास आफ्रिकेची होती. सेवेच्या मेसेजमध्ये ही बातमी होती, हे मी प्रामाणिकपणे सांगते. वहीत सापडली. युद्धविरामाच्या बातमीच्या खाली, शेवटच्या एका वाक्यात: “आयात धोरणाला मुदतवाढ.” त्याचा अर्थ काय, तूर विकावी की ठेवावी, एक शब्द नाही. युद्धाच्या बातमीला दीड मिनिट आणि ज्या निर्णयाने माझे साडेतेरा हजार गेले त्याला एक वाक्य. चूक इथे आहे. लढाईची बातमी ऐकायला लोकांना आवडतं, अधिसूचना ऐकायला आवडत नाही, म्हणून असं होत असावं.

मग ही सेवा घ्यावी का? सकाळच्या भावासाठी घ्यावी, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ओलावा, प्रतवारी, पाऊस यांसाठीही घ्यावी. नवीन शिकणाऱ्या बाईला तर नक्की उपयोग आहे, बाजारात तिला कोणी सांगत नाही. संध्याकाळचा मेसेज ऐकावा, पण ‘बर्मा’ हा शब्द आला की नकाशा काढावा. कोणत्या प्रांतातलं? तूर पट्ट्यातलं की सीमेवरचं? युद्धविराम कोणी कोणाशी केला, मधे कोण बसला, त्याचं त्यात काय अडकलं आहे? आणि आपल्या सरकारने त्या आठवड्यात आयातीचं काय ठरवलं? हे कळल्याशिवाय माल धरूही नये आणि घाबरून विकूही नये. हमीभाव केंद्राचा नंबर तर मेसेजच्या भरवशावर अजिबात सोडू नये. मी सोडला.

या २०२५-२६ च्या हंगामाचं सांगायचं तर हमीभाव आठ हजार आहे. माझी तूर धुईमुळे थोडी कमी आली, साडेअकरा क्विंटलचा अंदाज आहे. नोंदणी केली आहे, नंबर आला की नेणार. दोन क्विंटल शेजारच्या गावच्या बचत गटाच्या मिनी दालमिलवर नेऊन डाळ करून आणणार आहे. घरची, लेकीची आणि दोन-चार ओळखीची घरं त्यावर होतात. चुरी आणि टरफल जनावराला.

सेवेचं वर्ष दिवाळीत संपलं, तेव्हा मी अर्ध्या वर्षाचेच पैसे भरले आणि सांगितलं की संध्याकाळचा मेसेज सुधारला तर पुढचे भरीन. तिकडे आता लष्कराने निवडणूक लावली आहे. २८ डिसेंबर आणि ११ जानेवारीला दोन टप्पे झाले, तिसरा २५ जानेवारीला आहे. युद्ध चालू असलेल्या बऱ्याच तालुक्यांत मतदानच नाही. १२ तारखेच्या मेसेजमध्ये सेवेच्या त्या मुलाने सांगितलं: “बर्मात निवडणुका शांततेत, आवक वाढणार, मंदीची शक्यता.”

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सोलेभातासाठी शेंगा सोलत बसले होते. हात हिरवे झालेले, तसाच फोन घेतला आणि त्यांच्या क्रमांकावर लिहून पाठवलं: “दादा, सागाईंग आणि मॅग्वेमध्ये यंदा तुरीचा पेरा किती झाला? काढणीला माणसं गावात आहेत का? तिथे मतदान झालं का? एवढं सांगा, मग मंदी-तेजी माझी मी ठरवते.”

“माहिती काढतो काकू,” असं तासाभरात उत्तर आलं. आज चार दिवस झाले. आलं की इथेच खाली लिहीन.